ढीग, ट्रक आणि वक्रता: ऑप्टिमल ट्रान्सपोर्टच्या भूमितीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात शनिवारी दुपारी आम्ही सात-आठ जण गणित वाचायला बसतो. एमएस्सीची मुलं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि खाणीवर सर्व्हेचं काम केलेले एक गृहस्थ. गेल्या पावसाळ्यात ऑप्टिमल ट्रान्सपोर्ट हा विषय घेतला. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं लिहून काढली. क्रम विचारणाऱ्यांचा आहे, पुस्तकाचा नाही. बारावीचं गणित आणि थोडी संभाव्यता येत असेल तर निम्म्यापर्यंत अडणार नाही. पुढे जरा दम लागेल.

हा विषय नेमका कशाचा?

मातीचा एक ढीग आहे. तो उचलून दुसऱ्या जागी, दुसऱ्या आकारात रचायचा आहे. कुठलं घमेलं कुठे रिकामं केलं तर एकूण कष्ट सगळ्यात कमी पडतील? हा प्रश्न १७८१ साली गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने मांडला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर खरोखरची माती होती: एकीकडे खणायचं, दुसरीकडे भराव घालायचा.

गोव्यात हे समजावून सांगायला फारसं काही लागत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत साखळी-डिचोलीच्या रस्त्यांवर ट्रकांची रांग रोजचीच होती. अमक्या खाणीचा माल तमक्या धक्क्यावर, तिथून बार्जमध्ये, बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे. आमचे सर्व्हेवाले गृहस्थ पहिल्याच दिवशी म्हणाले, “म्हणजे हे डिस्पॅचचंच गणित की!” तेच आहे. फक्त गणितज्ञ तिथे थांबले नाहीत. कमीत कमी खर्च निघाल्यावर त्यांनी विचारलं, हा खर्च म्हणजे दोन ढिगांमधलं अंतर मानलं तर? मग सगळ्या संभाव्य ढिगांचा मिळून एक प्रदेशच तयार होतो आणि त्या प्रदेशाला सरळ रेषा, चढ-उतार, वक्रता असं सगळं असतं. हे पान मुख्यतः त्या प्रदेशाबद्दल आहे.

ढिगाचा आणि संभाव्यतेचा काय संबंध?

एकूण माल १ धरला की ढीग म्हणजेच संभाव्यतेचं वितरण. कुठे किती माल आहे ते म्हणजे कुठे किती शक्यता आहे. बाकी काही बदलत नाही.

दोन वितरणांची तुलना करायला आधीच डझनभर मापं आहेत. आणखी एक कशाला?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझ्या मते अख्खा विषय याच्या उत्तरात आहे.

तीन ढीग घ्या, तिन्ही सारखेच. एक साखळीला, दुसरा डिचोलीला, तिसरा मुरगावला. नेहमीच्या पद्धतीने प्रत्येक ठिकाणी उंचीतला फरक घ्या आणि बेरीज करा. साखळीचा ढीग डिचोलीच्या ढिगाहून किती वेगळा? पूर्ण वेगळा. मुरगावच्या ढिगाहून? तोही पूर्ण वेगळा, नेमका तितकाच. कुलबॅक-लायब्लर मापाने (उंचींच्या गुणोत्तरांवरून फरक काढणारं एक प्रचलित माप) पाहिलं तर दोन्ही उत्तरं अनंत. हे ट्रकवाल्याला सांगून बघा. साखळीहून डिचोली ही एक खेप. मुरगाव गाठायचं तर ट्रक, धक्का, बार्ज असा सगळा संसार.

ही मापं उभं पाहतात: या जागी तुझी उंची किती, माझी किती. दोन जागा एकमेकींच्या शेजारी आहेत की राज्याच्या दोन टोकांना, याची त्यांना खबरच नसते. ऑप्टिमल ट्रान्सपोर्ट आडवं पाहतं: हा कण इथून उचलून तिकडे नेला तर किती चालावं लागेल. जमिनीवरचं अंतर त्याच्या हिशेबात पहिल्यापासून असतं.

मी स्वतः हे चूक करून शिकलो. एका बसमार्गाच्या वेळा तपासायचं काम एकदा हाती घेतलं होतं. नव्या वेळापत्रकानंतर प्रत्येक बस आधीपेक्षा तीन मिनिटं उशिरा येत होती. मी मिनिटामिनिटाचे खण पाडले, स्तंभालेख काढले, उभी तुलना केली आणि ‘वेळा जवळजवळ पूर्णपणे बदलल्या’ असं ठोकून लिहून दिलं. ज्यांना अहवाल दिला त्यांनी एकच विचारलं: किती बदलल्या? माझ्याकडे टक्के होते, मिनिटं नव्हती. आडवं पाहिलं असतं तर उत्तर थेट ‘३ मिनिटं’ असं आलं असतं, आणि तेही मिनिटांतच.

मोंजचा प्रश्न आणि कांतोरोविचचा प्रश्न, दोन्ही एकच ना?

जवळचे आहेत, एक नाहीत. मोंजच्या नियमात एका जागचा माल एकाच ठिकाणी जायला हवा, फोडायचा नाही. पण एका खाणीचा माल दोन धक्क्यांवर अर्धा-अर्धा न्यायचा असेल तर? मोंजच्या चौकटीत याला उत्तरच नाही. दीडशेहून जास्त वर्षं प्रश्न अडून राहिला त्याचं एक कारण हे.

१९४२ मध्ये लिओनिद कांतोरोविचने माल फोडायची मुभा दिली. आता एक तक्ता पुरतो. ओळींत खाणी, स्तंभांत धक्के, प्रत्येक चौकोनात किती टन. ओळीची बेरीज म्हणजे त्या खाणीचा माल, स्तंभाची बेरीज म्हणजे त्या धक्क्याची मागणी. चौकोनांतले आकडे ऋण नकोत. एवढ्या अटींत एकूण भाडं कमीत कमी करा. हे रेषीय प्रोग्रामिंग झालं, आणि त्या शास्त्राची सुरुवातही कांतोरोविचनेच १९३९ मध्ये, प्लायवूडच्या कारखान्यातला प्रश्न सोडवताना केली होती. १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला कूपमन्सबरोबर मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी.

यात एक गंमत आहे ती बँकवाल्या काकांना फार आवडली. एक कंत्राटदार येतो आणि म्हणतो, “ट्रकबिक तुम्ही सोडा. मी खाणीवर तुमच्याकडून टनामागे एका दराने माल घेतो आणि धक्क्यावर दुसऱ्या दराने तुम्हालाच परत विकतो.” प्रत्येक खाणीचा आणि प्रत्येक धक्क्याचा दर तो ठरवणार, अट इतकीच की कुठल्याही जोडीत दोन दरांतला फरक त्या रस्त्याच्या भाड्याहून जास्त नको. मग तुम्ही नाही कशाला म्हणाल? या अटीत राहून कंत्राटदार जास्तीत जास्त किती कमवेल? अगदी तुमच्या किमान भाड्याइतकंच. एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही. काका म्हणाले, “म्हणजे त्याने चोख हिशेब केला तर आपल्याला फायदा शून्य.” बरोबर. याला द्वैत म्हणतात आणि पुढच्या बहुतेक सिद्धता या दरांवरच उभ्या आहेत.

खर्च म्हणून अंतर घ्यायचं की अंतराचा वर्ग? ट्रक तर किलोमीटरवर भाडं घेतो.

जत्रेतल्या नाटकाला चार जण एका रांगेत पहिल्या चार खुर्च्यांवर बसलेत. कुणीतरी येऊन म्हणतं, “जरा सरका हो,” आणि पहिली खुर्ची रिकामी करायची आहे. दोन मार्ग आहेत. चौघंही एकेक खुर्ची सरकतील, किंवा पहिला उठून थेट पाचव्या खुर्चीवर जाऊन बसेल आणि बाकीचे जागचे हलणार नाहीत.

अंतरच खर्च मानलं तर दोन्हींचा हिशेब ४ खुर्च्या. बरोबरी. कुठला मार्ग ‘खरा’ हे ठरत नाही. वर्ग घेतला तर पहिल्या मार्गाचा खर्च १+१+१+१ म्हणजे ४ आणि दुसऱ्याचा १६. निकाल लागला: सगळ्यांनी थोडं थोडं सरकायचं.

भूमितीसाठी वर्ग सोयीचा पडतो तो एवढ्याचसाठी. यान ब्रेनिएने १९८७ मध्ये जाहीर करून १९९१ मध्ये सविस्तर सिद्ध केलं की वर्गाचा खर्च घेतला आणि सुरुवातीचा ढीग नीट पसरलेला असला, म्हणजे एका बिंदूवर किंवा एका रेषेवर साचलेला नसला, तर सर्वोत्तम योजना एकमेव असते. तिच्यात माल फोडावा लागत नाही, म्हणजे मोंजची मूळ अट आपोआप पाळली जाते. शिवाय ती योजना एका बहिर्वक्र फलनाचा ग्रेडियंट असते. परातीसारख्या खोलगट पृष्ठभागाचा प्रत्येक जागचा उतार पाहा. तो बाण म्हणजे त्या जागच्या मालाचा पत्ता.

वर्ग घेतलेल्या खर्चाचं वर्गमूळ म्हणजे डब्ल्यू-टू अंतर. साधं अंतर घेतलं तर डब्ल्यू-वन. खाली न सांगता ‘अंतर’ म्हटलं की डब्ल्यू-टू समजा.

वासरस्टाइन अंतर म्हणतात ते हेच का?

हेच. लिओनिद वासरस्टाइनने १९६९ मध्ये ते एका वेगळ्याच संदर्भात वापरलं, १९७० मध्ये दोब्रुशिनने त्याचं नाव दिलं आणि तेच रूढ झालं. कांतोरोविच त्याच्या आधीचा, म्हणून काही जण नावावरून नाराज असतात. आपण या वादात पडायला नको.

हाताने काढता येईल का? कागद-पेनाने?

सरळ रेषेवर येतं, आणि फार सहज.

रायबंदर-चोडण फेरीबोटीची वाट पाहण्याची मिनिटं समजा सोमवारी तीन वेळा नोंदवली: ८, २, ४. शुक्रवारी: ९, १५, ३. दोन्ही याद्या चढत्या क्रमाने लावा: २, ४, ८ आणि ३, ९, १५. आता लहानाशी लहान, मोठ्याशी मोठा जुळवा. फरक १, ५, ७. वर्ग १, २५, ४९. बेरीज ७५, सरासरी २५, वर्गमूळ ५. अंतर ५ मिनिटं. संपलं.

क्रमाने जुळवणंच सर्वोत्तम का? डावीकडे ‘क’ हा ‘ख’हून लहान आणि उजवीकडे ‘प’ हा ‘फ’हून लहान असू द्या. उलटसुलट जुळवणीचा खर्च वजा क्रमाने जुळवणीचा खर्च काढला की उरतं २ × (ख − क) × (फ − प), आणि हे कधीच ऋण नसतं. म्हणजे वाटा एकमेकींना ओलांडत असतील तर त्या सोडवून घेण्यात कधी तोटा नाही. हे एकदा स्वतः पानावर करून बघा. नुसतं वाचून पटल्यासारखं वाटतं, पण पटत नाही.

‘ढिगांच्या प्रदेशात सरळ रेषा’ म्हणजे काय? ढीग काही बिंदू नाही.

या प्रदेशात एक अख्खं वितरण म्हणजे एक बिंदू. सवय व्हायला आठवडा लागतो, आम्हालाही लागला.

एक ढीग पणजीला, तसाच एक मडगावला. दोन्हींच्या बरोबर मधलं वितरण कोणतं? उभ्या नजरेने सरासरी काढली तर अर्धा माल पणजीला, अर्धा मडगावला. सिनेमात एक दृश्य विरत जाऊन दुसरं उमटतं तसं. मी फळ्यावर हेच काढलं होतं, तेव्हा मागून एका मुलीने विचारलं, “सर, पण मधे ढीग कुठे आहे?” तिचा प्रश्न बरोबर होता. मधे काहीच नव्हतं.

आडव्या नजरेने प्रत्येक कण निम्मी वाट चालतो, आणि अख्खा ढीग आपला आकार घेऊन नकाशावरच्या सरळ रेषेच्या मध्यावर, कुठ्ठाळीच्या आसपास, झुआरीच्या काठी उभा राहतो. (नदीतून ट्रक जात नाही हे मान्य. मग सरळ रेषेऐवजी जमिनीवरचा सगळ्यात जवळचा रस्ता घ्या. बाकी विचार तोच.) वेळेच्या एक-तृतीयांशावर प्रत्येक कणाने एक-तृतीयांश वाट कापलेली असते. प्रत्येक कण एकसमान वेगाने, आपापल्या सरळ वाटेने. ढिगांच्या प्रदेशातली सरळ रेषा ही अशी. या मधल्या वाटेचा पद्धतशीर अभ्यास रॉबर्ट मॅकॅनने केला; त्याचा १९९७ चा लेख या विषयात पायाचा मानतात.

२००० मध्ये बेनामू आणि ब्रेनिए यांनी हेच द्रवाच्या भाषेत सांगितलं. पहिल्या ढिगातून दुसरा घडवणारे सगळे प्रवाह विचारात घ्या, वेळ एक एकक. प्रत्येकाची गतिज ऊर्जा मोजा. सगळ्यात कमी ऊर्जेचा प्रवाह जो खर्च दाखवेल तोच अंतराचा वर्ग, फक्त गतिज ऊर्जेतला तो नेहमीचा निम्मा सोडून. यातून ‘दिशा’ म्हणजे काय तेही कळतं. दिशा म्हणजे वेगांचं क्षेत्र, आणि त्यातही भोवरे नसलेलं. चहा कपात गोल ढवळला तर प्रत्येक थेंब फिरतो, पण कुठे किती चहा आहे ते तसंच राहतं. ती ऊर्जा फुकट गेली. काटकसरी प्रवाहात ढवळणं नसतं.

हा प्रदेश सपाट आहे की वक्र?

जमीन एक सरळ रेषा असेल तर सपाट. वर फेरीबोटीच्या याद्या क्रमाने लावून वजाबाकी केली, तेच त्याचं कारण: क्रमाने लावल्यावर उरतं ते नेहमीचं युक्लिडचं अंतर.

पण जमीन दोन मितींची झाली की चित्र पालटतं. जुन्या घराचं राजांगण डोळ्यांसमोर आणा, चौरस, बाजू ४ मीटर. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक समई. त्या उरलेल्या दोन कोपऱ्यांत न्यायच्या आहेत. कुठलीही समई कुठल्याही रिकाम्या कोपऱ्यात नेली तरी चालणं ४ मीटरच, कारण दोन्ही रिकामे कोपरे शेजारचेच. म्हणजे दोघी घड्याळाच्या दिशेने जाऊ शकतात, किंवा दोघी उलट दिशेने. खर्च सारखाच, अंतर ४.

आता मध्यबिंदू काढा. पहिल्या मार्गात निम्म्या वाटेवर समया पूर्व आणि पश्चिम भिंतींच्या मध्यावर असतील, तर दुसऱ्या मार्गात उत्तर आणि दक्षिण भिंतींच्या मध्यावर. एकाच जोडीला दोन मध्यबिंदू! आणि ते दोन एकमेकांपासून किती दूर? भिंतीच्या मध्यापासून शेजारच्या भिंतीच्या मध्यापर्यंत: २ चा वर्ग अधिक २ चा वर्ग, ८, वर्गमूळ सुमारे २.८३ मीटर. दोन टोकांमधलं अंतर ४ आणि त्यांचेच दोन मध्य २.८३ अंतरावर. सपाट कागदावर असं होऊच शकत नाही. तिथे दोन बिंदूंना मध्य एकच. पृथ्वीच्या गोलावर मात्र होतं, उत्तर ध्रुवाहून दक्षिण ध्रुवाला कुठल्याही रेखांशाने जा, विषुववृत्तावरचा प्रत्येक बिंदू मध्यच. ढिगांचा प्रदेश गोलाच्या जातीचा आहे, त्याची वक्रता ऋण नसते. तेलाच्या थेंबाथेंबाने समया फोडायची मुभा दिली तर असे मध्य अगणित मिळतात.

या पानावरचं एकच उदाहरण लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. मला स्वतःला सूत्रांच्या दोन वह्या भरून जे दिसलं नाही ते या अंगणात दिसलं.

यात आपल्याकडच्या कुणाचं काही काम आहे का?

थेट ऑप्टिमल ट्रान्सपोर्टमध्ये नाही, पण ‘वितरणांना भूमिती द्या’ या कल्पनेत नक्कीच. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचं अंतर १९३६ चं. सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, वितरणांच्या कुटुंबावर अंतर मोजायची रीत दिली आणि त्यातून पुढे माहितीची भूमिती हे शास्त्र उभं राहिलं.

रावांची भूमिती आणि ही भूमिती शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. घंटेच्या आकाराचं सामान्य वितरण घ्या. त्याला दोनच आकडे लागतात, मध्य आणि प्रमाण विचलन, म्हणजे प्रत्येक वितरण अर्ध्या प्रतलावरचा एक बिंदू. डब्ल्यू-टूने हे अर्धं प्रतल अगदी सपाट असतं. एका वर्गाचे गुण: मध्य ५२, विचलन ८. दुसऱ्याचे: मध्य ६०, विचलन १४. फरक ८ आणि ६, अंतर १० गुण. पायथागोरस, दुसरं काही नाही. रावांच्या मापाने मात्र तेच प्रतल ऋण वक्रतेचं, घोड्याच्या खोगिरासारखं. विचलन शून्याकडे नेलं की तिथे अंतर अनंताकडे पळतं. डब्ल्यू-टूमध्ये विचलन शून्य म्हणजे सगळा माल एका बिंदूवर, आणि तो बिंदू प्रतलाच्या काठावर शांत बसलेला असतो. दोन्ही भूमिती खऱ्या. एक विचारते ‘नमुने पाहून या दोघांना वेगळं ओळखणं किती सोपं?’ आणि दुसरी विचारते ‘याचं त्यात रूपांतर करायला किती वाहावं लागेल?’

गोव्याच्या मातीतलं नाव हवंच असेल तर दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून सगळे ओळखतात, पण ते मुळात गणितज्ञ. फलनांच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावरचा त्यांचा लेख १९४३ चा, आणि कारहुनेन-लोएव्ह विस्ताराला (यादृच्छिक फलन सोप्या फलनांच्या बेरजेत मांडायची रीत) आता त्यांचंही नाव जोडतात. रेषेवरची वितरणं क्रमाने लावली की जिथे जाऊन बसतात ते असंच फलनांचं अवकाश.

उष्णतेच्या समीकरणाचा इथे काय संबंध?

मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात देखणा भाग.

चतुर्थीला माटोळीखाली उदबत्ती लावली की वास हळूहळू खोलीभर पसरतो. खोलीतली हवा स्थिर धरली तर हे पसरणं उष्णतेच्या समीकरणाने चालतं, आणि ते समीकरण दोनशे वर्षांपासून माहीत आहे. १९९८ मध्ये जॉर्डन, किंडरलेरर आणि ओटो यांनी दाखवलं की ढिगांच्या प्रदेशात उभं राहून पाहिलं तर ही क्रिया म्हणजे फक्त उतारावरून घरंगळणं आहे. प्रत्येक वितरणाची एन्ट्रॉपी (गणिताच्या चिन्हाने, म्हणजे माल एकवटला की जास्त, पसरला की कमी) ही त्या जागची उंची माना. वासाचं वितरण त्या डोंगरावरून सगळ्यात तीव्र उताराच्या दिशेने खाली येतं. अंतर मात्र डब्ल्यू-टूनेच मोजायचं.

त्यांची रीत पावलापावलाची आहे. आत्ता जिथे आहात तिथून पुढचं ठिकाण निवडा. उंची कमी झाली तर फायदा, पण किती लांब गेलात त्याच्या वर्गाला पावलाच्या वेळेच्या दुपटीने भागून तेवढा दंड भरा. फायदा आणि दंड यांचा मेळ जिथे सर्वोत्तम तिथे पाऊल टाका. पावलं बारीक करत नेली की उष्णतेचं समीकरण जसंच्या तसं हातात येतं.

विद्यार्थी इथे विचारतात, उभ्या नजरेनेही हेच समीकरण उतार म्हणून लिहिता येतं, मग नवं काय? येतं, पण डोंगर वेगळा घ्यावा लागतो: तिथे उंची म्हणजे फलनाच्या चढउतारांच्या वर्गाची बेरीज. एकाच नदीचे दोन नकाशे म्हणा. एन्ट्रॉपीवाल्या नकाशाचा फायदा असा की तो डोंगर या प्रदेशातल्या सरळ रेषांवर बहिर्वक्र असतो, म्हणजे मधे खड्डे नाहीत, कुठे अडकायला होत नाही, आणि किती वेगाने तळ गाठणार याचा हिशेब लावता येतो. २००१ मध्ये ओटोने हीच दृष्टी सच्छिद्र माध्यमातल्या प्रवाहाला लावली आणि ढिगांच्या प्रदेशावर कोन-लांबीचा पुरता हिशेब मांडला. त्याला आज ओटोचं कलन म्हणतात.

‘आळशी वायू’चा प्रयोग काय आहे?

यात उलट दिशेने जायचं: ढिगांवरून जमिनीची वक्रता ओळखायची. वायूचा एक पुंजका एका ठिकाणी आहे, ठरल्या वेळात दुसऱ्या ठिकाणी पोचायचा आहे. वायू आळशी, म्हणून कमीत कमी ऊर्जेने जातो. सपाट जमिनीवर निघताना आणि पोचताना पुंजका सारखाच असला तर मधेही तेवढाच राहतो. गोलावर मात्र वाटा आधी एकमेकींपासून दुरावतात आणि मग जवळ येतात, त्यामुळे मध्यावर पुंजका फुगतो. म्हणजे वाटेत एन्ट्रॉपी कशी वागते हे पाहून, जमिनीकडे न बघता, तिची रिची वक्रता (दिशादिशांच्या वक्रतेची एक सरासरी) ऋण नाही हे सांगता येतं. जिथे अवकलन करताच येत नाही अशा कंगोऱ्यांच्या, टोकदार अवकाशांतही ही व्याख्या चालते. लॉट आणि विलानी यांनी एकत्र, श्टुर्मने स्वतंत्रपणे, हा सिद्धांत उभा केला. श्टुर्मचे लेख २००६ चे, लॉट-विलानींचा २००९ चा.

सेद्रिक विलानीला फील्ड्स पदक मिळालं ते २०१० मध्ये, आपल्या हैदराबादला. ते या कामासाठी मिळालं असं सर्रास सांगतात, पण मानपत्रात लांडाऊ डॅम्पिंग आणि बोल्ट्झमन समीकरण आहे, म्हणजे प्लाझ्मा आणि वायूंचं गणित. ऑप्टिमल ट्रान्सपोर्टचं नाव घेऊन मिळालेलं पदक अलेस्सिओ फिगालीचं, २०१८ चं.

संगणकावर चालतं का?

हजार-हजार बिंदूंना चालतं. अचूक रीतींचा वेळ साधारण बिंदूंच्या संख्येच्या घनाने वाढतो, म्हणजे बिंदू दहापट तर वेळ हजारपट. मी एकदा हौसेने वीस हजार बिंदू घातले आणि सकाळी उठून पाहिलं तर लॅपटॉप गरम आणि पडदा काळा.

२०१३ मध्ये मार्को कुतुरीने जुनी सिंकहॉर्नची रीत इथे आणली. तक्त्यात जाणूनबुजून थोडा धूसरपणा घालायचा. मग प्रत्येक ओळ गुणून तिची बेरीज बरोबर करा, त्याने स्तंभ बिघडतील, स्तंभ बरोबर करा, ओळी थोड्या बिघडतील, पुन्हा ओळी. काही फेऱ्यांत दोन्ही जुळतात. नुसते गुणाकार-भागाकार, त्यामुळे ग्राफिक्स कार्डावर झपाट्याने होतं. धूसरपणा फार कमी ठेवला तर फेऱ्या लांबतात आणि आकडे शून्यात विरतात, तेव्हा लॉगरिदममध्ये काम करा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. नमुन्यांवरून अंतराचा अंदाज घेताना मिती वाढली की नमुने अफाट लागतात. दहा मितींत चूक निम्मी करायची तर ढोबळमानाने नमुने २ चा दहावा घात, १०२४ पट. यावर जादू नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेत वापरतात म्हणे?

हो. चित्रं तयार करणाऱ्या जाळ्यांना (न्यूरल नेटवर्कना) शिकवताना खऱ्या आणि बनावट चित्रांमधलं अंतर म्हणून डब्ल्यू-वन वापरायची कल्पना २०१७ ची. कारण वरचंच: ढीग एकमेकांवर जराही न आल्यास उभी मापं ‘पूर्ण वेगळे’ एवढंच सांगतात, कुठे सरकायचं ते सांगत नाहीत. हे सांगतं.

वाटेत माल सांडला तर? दोन्हीकडचं वजन सारखं नसेल तर?

सर्व्हेवाल्या गृहस्थांचा प्रश्न, आणि त्यांच्याकडून तो येणारच होता. वर सगळीकडे एकूण माल १ धरला, प्रत्यक्षात तसं नसतं. मग दुसरा दंड ठेवतात: माल इथे टाकून देण्याचा आणि तिथे नव्याने आणण्याचा. हिशेब केला की दिसतं, ठरावीक अंतराच्या आत वाहून नेणं परवडतं आणि त्यापलीकडे इथला टाकून तिथे नवा आणणंच स्वस्त. ते अंतर किती, हे दोन दंडांच्या प्रमाणावर ठरतं. या मिश्र अंतराची भूमिती गेल्या दशकात तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी बांधली, आणि तिच्यातही सरळ रेषा आहेत, फक्त त्यांच्यावरून जाताना ढीग सरकतोही आणि घटतो-वाढतोही. पुढच्या पावसाळ्यात आम्ही हेच घेणार आहोत. शनिवार, दुपारी तीन, चहा असतो.